सही/- सचिव

समाजशास्त्र हा विषय मी बी.ए.ला घेतला तो समाजाबद्दल कळवळा होता म्हणून नव्हे, तर त्या वर्गाच्या खिडक्या कॅन्टीनच्या अंगाला उघडत आणि बटाटेवड्यांचा पहिला घाणा निघाल्याची वर्दी आम्हाला कॉलेजात सगळ्यात आधी मिळे म्हणून. सर पिवळ्या पडलेल्या वहीतून डुर्काइम सांगत. हा एमिल डुर्काइम फ्रेंच, 1858 ते 1917, आणि 1895 साली त्याने लिहून ठेवलं की समाजातल्या रीती, नियम, शिस्त या गोष्टी माणसाच्या बाहेर असतात, त्याच्या आधीपासून असतात आणि त्याला त्यांना हवं तसं वागायला लावतात. यांना म्हणायचं सामाजिक तथ्यं. मी ते पाठ केलं, पेपरात उतरवलं, सेकंड क्लास पदरात पाडला आणि एका बँकेला चिकटलो. अर्थ कळायला डोंबिवलीत फ्लॅट घ्यावा लागला.

खाली पार्किंग, वर चार मजले, एकूण चोवीस फ्लॅट. सोसायटीचं नाव सांगत नाही; सांगितलं तर संस्थेची बदनामी केली म्हणून मला नोटीस निघेल आणि ती टाइप करून, झेरॉक्स काढून, बोर्डावर लावायचं कामही माझ्याचकडे येईल.

माणसं एकत्र येऊन समाज कसा उभा करतात, यावर रूसोने 1762 साली 'सामाजिक करार' नावाचा ग्रंथ लिहिला. करार आमच्यातही झाला, पण तो बिल्डरविरुद्ध. फ्लॅट विकले की बिल्डरने सोसायटी नोंदवून द्यायची, असं आपल्याकडचा कायदा 1963 पासून सांगत आला आहे. आमच्या बिल्डरला मात्र ते कोणी सांगितलं नसावं. त्या काळातला आमचा एकोपा आठवला की अजून भरून येतं. गच्चीवर सतरंज्या टाकून सभा व्हायच्या, 302च्या वहिनी किटलीभर चहा पाठवायच्या, 106चे काका कायद्याचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे आणि नेमकं पान सापडेपर्यंत सगळे आदराने गप्प राहायचे, कोणाचीही मुलं कोणाच्याही घरी जेवायची, आणि मी तर एकदा भावनेच्या भरात 404चा सिलिंडर चार मजले खांद्यावर वाहून नेला होता, ज्याची आठवण माझा उजवा खांदा दर पावसाळ्यात काढतो. शेवटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदणीचा दाखला हातात पडला. पेढे वाटले, दाखल्याला फ्रेम केली. बिल्डर संपला. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

मुंबईत गावदेवीला रावबहादूर तलमकी आणि त्यांच्या सारस्वत मंडळींनी 1915 साली सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवली. या प्रकारातली ती अगदी सुरुवातीची. ती माणसं एकमेकांवरच्या विश्वासाने एकत्र आली होती. आम्ही तिऱ्हाइतावरच्या रागाने आलो, आणि राग ही वस्तू एकदा घरात आणली की वापरल्याशिवाय टाकवत नाही.

माझ्या वाट्याचा राग मी पत्रांत ओतत असे. माझा फ्लॅट 103, बरोब्बर पंपाच्या डोक्यावर, आणि पंप सुरू व्हायचा पहाटे पाचला. 'सभासदाच्या निद्रेचा मूलभूत हक्क' या विषयावर मी तेव्हाच्या सेक्रेटरींना जी पत्रं लिहिली, त्यांत ऱ्हस्वदीर्घाची एक चूक कोणी दाखवावी. उत्तर ठरलेलं यायचं: पत्राची नोंद घेतली आहे, बाब विचाराधीन आहे. मग मी त्या उत्तराच्या शुद्धलेखनावर पत्र लिहायचो.

अशातच वार्षिक सर्वसाधारण सभा आली. ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. गणपूर्तीला दोन तृतीयांश किंवा वीस, यांतले जे कमी असतील तेवढे सभासद लागतात, आमच्याकडे सोळा. सोळा जमले नाहीत की सभा अर्धा तास तहकूब करून त्यानंतर असतील तेवढ्यांत उरकता येते, फक्त नोटिशीत तसं आधी छापावं लागतं. आमच्याकडे आजवर छापलं गेलं नाही असं झालेलं नाही. त्यामुळे दहाच्या सभेला सगळे साडेदहाला उतरतात, कारण साडेदहाला गणपूर्ती लागत नाही, आणि सगळे साडेदहालाच उतरल्यामुळे तेव्हा ती पूर्ण होते. डुर्काइमला हे दाखवायला हवं होतं.

त्या सभेत चेअरमननी माझं ताजं पत्र खड्या आवाजात वाचून दाखवलं. मला वाटलं, अखेर न्याय. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "इतकं शुद्ध लिहिणारा माणूस सोसायटीत असताना आपण नोटिसा अशुद्ध का काढतो? जुने सेक्रेटरी सोडतायत, जागा रिकामी आहे." आणि मावळते सेक्रेटरी, ज्यांना मी हयातीत कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते हसले. मी म्हटलं तब्येत. चेअरमन म्हणाले दिसते उत्तम. मी म्हटलं बँक. ते म्हणाले मग तर हिशेबही कळत असणार. तेव्हा मला हुकमी पत्ता आठवला: थकबाकीदाराला कमिटीवर येता येत नाही! पंपाच्या निषेधार्थ मी तिमाहीचा मेन्टेनन्स अडवून धरलाच होता. मी उभा राहिलो आणि, एखादी पदवी जाहीर करावी तशा आवाजात म्हणालो, "मी थकबाकीदार आहे!"

मागून, बायकांच्या खुर्च्यांतून, आमच्या हिचा आवाज आला. "काही नाही हो, कालच भरले मी. जीपेने."

टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी जुन्या सेक्रेटरींनी दप्तर आणून टेबलावर ठेवलं. शिक्का, शाई आटलेलं पॅड, इतिवृत्ताचं बुक, 'आय' नमुन्यातलं सभासदांचं रजिस्टर, 'जे' नमुन्यातली यादी, आणि उत्तराविना राहिलेल्या पत्रांची फाइल. उघडली तर सगळ्यात वर माझंच पत्र. आता सेक्रेटरी या नात्याने त्याला उत्तर देणं भाग होतं. मी चांगला तासभर बसलो. वेगळं, माणुसकीचं, मोकळं काही लिहावं असं फार मनात होतं. पण चौकशी केली तेव्हा कळलं की आमच्या लाइनला पालिकेचं पाणी येतं तेच पहाटे, त्यामुळे खालच्या टाकीतलं वर चढवायला पंप तेव्हाच लावावा लागतो, नाहीतर सात वाजता चौथा मजला कोरडा. हे जुन्या सेक्रेटरींनी मला जिन्यात अनेकदा सांगितलं होतं, पण तेव्हा मला ते कारण वाटलं नव्हतं, सबब वाटली होती. एवढं सगळं लिहायचं तर दोन पानं झाली असती, आणि लेखी दिलं की पुढे ते कोणीतरी सभेत वाचून दाखवतं. शेवटी मी टाइप केलं, 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली असून सदर बाब समितीच्या विचाराधीन आहे.' शिक्का मारला, जावक क्रमांक टाकला, वॉचमनकडे दिलं. त्याने दोन मिनिटांनी बेल वाजवून ते मला दिलं आणि पोच म्हणून सही घेतली. रात्री चष्मा लावून वाचलं.

इतका संताप आला म्हणून सांगू!

खुर्ची माणसाला किती लवकर घडवते याचा अंदाज मला नव्हता. पहिली गेली ती नावं. माणसं मला नंबरांनी आठवायला लागली. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर, ऐन गर्दीत, समोरून येणाऱ्या ओळखीच्या सद्गृहस्थांना मी "अहो 203!" अशी हाक मारली आणि आजूबाजूच्या चार जणांनी घाबरून आपापली तिकिटं तपासली. मग भाषा गेली. मुलाने क्रिकेटच्या कोचिंगला पैसे मागितले, तर माझ्या तोंडून गेलं, "अर्ज दे." हिने विचारलं, संध्याकाळी भाजी कोणती करू, तर म्हणालो, "बहुमताने ठरवा." त्यावर ती म्हणाली, "बहुमत काय करायचंय, करणारी मी एकटीच आहे." हा घटनात्मक पेच अजून सुटलेला नाही. त्या आठवड्यात दुधी होता.

अधिकार दाखवायची खुमखुमी मात्र जबर होती. पार्किंगमध्ये मीटरच्या पेटीसमोर स्कूटर लावायची एक जुनी, अत्यंत चीड आणणारी खोड काही सभासदांना होती, जिच्यामुळे फ्यूज गेला की वायरमनला स्कूटरवर चढून पेटी उघडावी लागे. मी लाल अक्षरांत नोटीस लावली. वॉचमनला उभं करून सांगितलं, "कोणाचीही असो, अगदी चेअरमनची असो, चाकाला साखळी घालायची आणि किल्ली मीटिंगपर्यंत द्यायची नाही. मी सांगितलं तरी नाही." तो गावाहून नुकताच आलेला, सरळ मनाचा मुलगा, सांगितलेलं अक्षरशः पाळणारा. मी त्या दिवशी बँकेतून घाईत आलो, स्कूटर वर्षानुवर्षं जिथे लावत आलो तिथे हाताच्या सवयीने लावली आणि वर गेलो. सकाळी चाकाला साखळी. मी त्याला समजावलं, दटावलं, चहा पाजला. त्याने माझंच वाक्य मला ऐकवलं, "साहेब, तुम्हीच म्हणाला होता, तुम्ही सांगितलं तरी नाही." मीटिंग दहा दिवसांवर होती. तेवढे दिवस मी रिक्षाच्या रांगेत उभा राहिलो, आणि रांगेत 106चे काका रोज न चुकता विचारायचे, "स्कूटर कशी आहे?"

पार्किंगचा प्रश्न मुळातून सोडवायचा म्हणून मी पुन्हा पुस्तकांकडे वळलो. ही माझी जुनी खोड. घरातला नळ गळायला लागला तरी मी आधी वाचनालयात जातो. गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचा 1968 सालचा गाजलेला लेख आहे. सगळ्यांचं मिळून एक गायरान असलं तर जो तो आपलं एक जनावर वाढवत जातो, आणि गायरान संपतं. आमच्याकडे चोवीस फ्लॅट, चौदा गाड्यांची जागा आणि गाड्या वीसच्या पुढे, तेव्हा हार्डिनसाहेब आमच्या खालच्या मजल्यावर राहून गेले असावेत असं वाटलं. पण मग एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाई सापडल्या. बाई राज्यशास्त्राच्या, आणि 2009 साली नोबेल मिळालं अर्थशास्त्राचं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. गायरान संपलंच पाहिजे असं काही नाही, हे त्यांनी गावोगावचे दाखले देऊन मांडलं. वापरणाऱ्यांनीच नियम केले, राखणही त्यांनीच केली, आणि नियम मोडणाऱ्याला आधी थोडा, मग जास्त दंड ठेवला, तर सामायिक कुरणं शतकानुशतकं टिकतात. त्यांतला एक दाखला स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल या गावचा. तिथे 1517 सालापासून नियम आहे, की जितक्या गायी तुम्ही हिवाळ्यात पोसू शकता, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामायिक कुरणात सोडायच्या. मला तर आनंदाने झोप येईना. पंपही होताच.

सभेत मी टोर्बेलचा नकाशा काढून आणला. अर्धा तास बोललो. तळमळून बोललो.

"म्हणजे," 201 म्हणाले, "आमच्या गाडीला तुम्ही गाय म्हणताय?"

मी म्हटलं, तसं नव्हे, उदाहरण आहे. त्यावर 303च्या काकू म्हणाल्या की गाय म्हटलं तर बिघडलं काय, गाय चांगली असते. 201 म्हणाले, प्रश्न चांगल्या-वाईटाचा नाही. चौथ्या मजल्यावरून पृच्छा झाली की स्वित्झर्लंडमध्ये मेन्टेनन्स किती आहे. ज्यांच्याकडे गाडीच नाही अशा 402ने मुद्दा मांडला की मग आमच्या वाटणीची गाय आम्हाला भाड्याने देता येईल का, आणि इथे सभेला एकदम चेतना आली. भाडं किती, ते सोसायटीला की सभासदाला, यावर दीड तास गेला. इतिवृत्त मला लिहायचं होतं. मी लिहिलं, 'गायींच्या विषयावर साधकबाधक चर्चा झाली.' पुढे लेखापरीक्षकांनी या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारून विचारलं, संस्थेकडे पशुधन आहे का?

या सगळ्यात सर्वानुमते एकच ठराव झाला, तो बिल्डिंगच्या रंगाचा. रंगवाल्याने शेडकार्ड फिरवलं, चेअरमन एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "हा बरा दिसतो, नाही?" शेजारच्याने मान हलवली, त्याच्या शेजारच्याने हलवली, आणि ती मान फिरत फिरत माझ्यापर्यंत आली तेव्हा तो गुलाबीसर रंग मला मनापासून नावडत असूनही माझीही मान हलली. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात हे प्रयोगात पाहिलं होतं. समोरच्या तीन रेघांपैकी नमुन्याएवढी कोणती ते सांगायचं. खोलीतल्या बाकीच्यांनी, जी सगळी ॲशने पढवून बसवलेली माणसं होती, ठरवून चुकीचं सांगितलं, तर दर चौघांतले तिघे निदान एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिळवून गेले. फरक इतकाच की ॲशच्या खोलीत एकच माणूस खरा होता. आमच्याकडे पढवलेलं कोणीच नव्हतं. रंग लागल्यावर एकेकाला जिन्यात गाठून विचारलं, तर तो एकालाही आवडला नव्हता. चेअरमनना विचारलं, तर म्हणाले, "मी तर नुसतं विचारलं होतं." लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखी आमची बिल्डिंग आता लोकलमधूनही ओळखू येते.

आणि गळती! 304च्या बाथरूममधून 204च्या मोरीत पाणी ठिबकत होतं. उपविधी स्पष्ट आहेत: गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून गळलं तर खर्च सोसायटीचा, घरातल्या संडास-बाथरूममधून गळलं तर त्या सभासदाचा. 304 म्हणत पाणी भिंतीतून येतंय, 204 म्हणत वरूनच येतंय, आणि दोघेही बोलत नसल्यामुळे हे सगळं ते माझ्यामार्फत म्हणत. मी टॉर्च घेऊन 204च्या मोरीत स्टुलावर चढलो. छताला ओल धरलेली, कडेला पिवळट, मध्ये काळी, आणि बरोबर मधोमध पोपडा सुटून एक थेंब लोंबकळत होता. तो पडायचा, मी मोजायचो, पुन्हा भरायचा. मी बोटाने पोपडा जरासा चाचपला. अख्खा गिलावा माझ्या डोक्यावर आला, त्यामागून 304च्या आंघोळीचं पाणी, तेही साबणाचं, आणि मी स्टुलावरून थेट बादलीत. डोळे चोळत बाहेर आलो तर 204 शांतपणे म्हणाले, "आता हा खर्च कोणाचा?"

गणपती आले तेव्हा वाटलं, यंदा काही धडगत नाही. लोकमान्यांनी 1893 साली घरातला गणपती चौकात आणण्याला जोर दिला तो माणसं एकत्र यावीत म्हणून, पण लोकमान्यांना 204 आणि 304 ठाऊक नव्हते. पाच दिवसांसाठी पार्किंगमध्ये मंडप घालायचा होता. सकाळी खाली उतरलो तर वीसच्या वर गाड्यांपैकी एकही तिथे नव्हती; कोणी कुठे लावल्या देव जाणे, मी नोटीस काढली नव्हती. 304 शिडीवर उभे होते आणि शिडी खालून 204ने धरली होती. दोघे अजूनही बोलत नव्हते. 304 नुसता हात खाली करायचे आणि 204 त्यात खिळा ठेवायचे. ज्यांच्या थकबाकीवर मी दरसाल 21 टक्क्यांनी व्याज लावत होतो, त्या 405ने वर्गणीत 5001 रुपये दिले, पावतीही घेतली नाही. आरतीला चोवीसच्या चोवीस घरं हजर, तीही वेळेवर. डुर्काइमने 1912च्या पुस्तकात, धर्माच्या निमित्ताने एकत्र जमलेल्या माणसांना जो आवेश चढतो त्याबद्दल पानंच्या पानं लिहिली आहेत, आणि मी मागे झांजा वाजवत उभा राहून हिशेब करत होतो की इथे आत्ता गणपूर्तीच्या दीडपट माणसं आहेत, पार्किंगचा ठराव मांडला तर मिनिटात मंजूर होईल. मी चेअरमनच्या कानाशी लागलो. ते म्हणाले, "झांज बेताल वाजतेय तुमची."

सहाव्या दिवशी गाड्या परत आल्या. मीटरच्या पेटीसमोर कोणाची तरी स्कूटर होती. माझी नव्हे, मी दोनदा पाहिलं.

कमिटीची मुदत पाच वर्षांची असते आणि माझी अजून बरीच शिल्लक आहे. राजीनामा तीन वेळा लिहून झाला. तो प्रत्येक वेळी सेक्रेटरीकडे दिला, आणि त्यांनी नोंद घेऊन तो विचाराधीन ठेवला आहे. तेव्हा तुमच्याकडे हात जोडून एवढंच मागणं, की तुमच्या सोसायटीचा सेक्रेटरी सकाळी जिन्यात भेटला, खांद्यावर टॉवेल, हातात रिकामी बादली, तर त्याला पाणी का आलं नाही म्हणून विचारू नका. त्याच्याही घरी आलेलं नाही.